घरचे दमलेत

वत्सलामाईंना मारलं त्या बुधवारी दौंडच्या डायलिसिस सेंटरमध्ये चौघांचं बीपी चढलं आणि एकाचं उतरलं. उतरलं ते माझ्या नवऱ्याचं. महेंद्र हा तिथला टेक्निशियन एकटाच. त्याची या मशीनपासून त्या मशीनपर्यंत नुसती धावपळ चालली होती. शेवटी त्याने टीव्हीची पिनच उपटली आणि म्हणाला, "आजपासून इथं फक्त हवामान बघायचं."

माई कोण, ते आधी सांगते. 'माई आहे ना!' ही रोज रात्री आठची सिरियल. दुसऱ्या दिवशी साडेअकराला तोच भाग परत लागतो. आमची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी नऊ ते एक. पाच खाटा, पाच मशीनं आणि भिंतीवर एक टीव्ही. हातात दोन जाड सुया खुपसून चार तास पडून राहायचं म्हणजे माणसाला डोळे कुठंतरी लावावे लागतातच. आधी रिमोटवरून रोज भांडणं व्हायची. मांडवगण फराट्याच्या मच्छिंद्रला कुस्त्या लागायच्या, आणखी कुणाला बाजारभाव. गिताबाई सत्तरीची, ऐकायला कमी, पण हट्टाला भारी. एक दिवस तिने सुया टोचून घ्यायलाच नकार दिला. "माई लावा, मग टोचा," म्हणाली. तेव्हापासून साडेअकरा ते बारा माई लागायची, आणि महिन्याभरात मच्छिंद्रच सगळ्यांना गप्प बसवायला लागला.

गेल्या वर्षी सिरियलवाल्यांनी माईंच्या किडन्या घालवल्या. आमच्याकडे तो दिवस सणासारखा गेला. "आता माई आपल्यातली झाली," मच्छिंद्र म्हणाला. पण आपल्यातली झाली म्हटल्यावर तिच्या चुकाही दिसायला लागल्या. ज्या हाताला सुया टोचतात त्याच हातात बाईने डझनभर बांगड्या घातलेल्या! आम्हाला त्या हाताने पाण्याची कळशी उचलायची बंदी, आणि ही त्या हाताने पुरण वाटायची. एकदा तर सुनेने तिला प्रेमाने शहाळं दिलं. किडनी गेलेल्या माणसाला शहाळ्याचं पाणी म्हणजे विष, त्याने हृदय बंद पडतं. पाचही खाटांवरून एकदम आरडाओरडा झाला. "माई, नगा पिऊ! ओतून द्या ते!" माई ते घटाघटा प्यायल्या आणि त्यांना काहीसुद्धा झालं नाही. गिताबाईने मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "देवमाणूस हाय, म्हणून पचलं."

मी हे सगळं दारातल्या बाकावरून बघायची. माझं नाव प्रेमा. आमचं घर केडगावला, चर्चच्या मागच्या गल्लीत. नथानिएल, म्हणजे माझे मिस्टर, रेल्वेत पॉइंट्समन होते, दौंडलाच. रिटायर झाले आणि दोन वर्षांत किडन्या गेल्या. गेली चार वर्षं आम्ही आठवड्यातून तीनदा शटल पकडून दौंडला जातो. मुलगा जॉन नाशिकला असतो, दर रविवारी फोन करतो. मला कुणी विचारलं की कसं चाललंय, तर मी म्हणते, "चाललंय." त्याहून जास्त बोलायला अंगात ताकद लागते.

त्या बुधवारी गिताबाई सकाळपासून तोंडाला पदर लावून पडली होती. घरी रात्री बघितलेलं इथे आधी सांगायचं नाही, असा त्या पाच जणांचा ठराव होता. साडेअकराला कळलं ती का गप्प होती ते. माई आठवडाभर दवाखान्यात अत्यवस्थ होत्याच. कपाळाला टिकली, ओठांना लाली, केसाची बट जागच्या जागी. सुनेचा हात धरून म्हणाल्या, "मला या मशीनमधून सोडव गं. माझ्यापायी तुम्ही सगळे दमलात. मला हसत जाऊ दे." सुनेने रडत रडत मान हलवली, कुणीतरी नळ्या काढल्या, माई हसल्या आणि गेल्या. सगळं मिळून चार मिनिटांत.

"आरं हसत?" मच्छिंद्र उठूनच बसायला लागला. महेंद्रने त्याचा खांदा दाबला. "मशीन सोडून हसत कुठं मरतंय माणूस? दगडोबा हसला व्हता का?"

दगडोबा म्हणजे आधी तिसऱ्या खाटेवर असायचा तो. दिवाळीनंतर त्याने यायचं बंद केलं. अकरा दिवस टिकला. त्याचं नाव आमच्याकडे कुणी काढत नाही.

"तिला हिंदीत काम मिळालंय म्हणून मारली," मच्छिंद्र म्हणाला. "पुतणीनं मोबाईलवर वाचलंय."

"मग लेकीकडं धाडायची व्हती," गिताबाई हुंदके देत म्हणाली. "काशीला धाडायची व्हती. मारायची कशापायी? आपल्यासारख्यांनी बघायचं काय मग?"

आणि त्याच वेळी महेंद्र ओरडला, "काका! काका, डोळे उघडा!" नथानिएलचं बीपी खाली गेलं होतं. पाय वर, सलाईन सुरू, मी उशाशी उभी. पाच मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि काळ्या टीव्हीकडे बघत राहिले.

परतीच्या गाडीला वेळ होता. प्लॅटफॉर्मवर ते म्हणाले, "शुक्रवारी यायचं न्हाई."

"का? महेंद्रची सुट्टी आहे?"

"न्हाई. माझी."

मी लक्ष दिलं नाही. मशीनवरून उतरल्यावर माणूस पिळून काढलेला असतो, काहीही बोलतो. गाडीत खिडकीशी बसायला मिळालं. पाटस गेलं तरी ते बाहेरच बघत होते. मग म्हणाले, "वत्सला गेली."

"गेली. हिंदीत गेली."

"तुम्ही बायांनी तिच्यासाठी साखळी धरली व्हती."

मला आधी काही कळेचना. मग चर्चमधली चिठ्ठी आठवली.

आमच्या चर्चच्या दारात एक लाकडी पेटी आहे. ज्याला प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी लिहून टाकायची. रविवारी उपासनेनंतर भगिनी मंडळात त्या चिठ्ठ्या वाचतात. कोण, कुठली, कुणाची, असं विचारायचं नाही, हा आमचा जुना नियम आहे. देवाला पत्ता लागत नाही, असं आमच्या जुन्या बाया म्हणायच्या. त्या रविवारी पाळकांची सून प्रिन्सी हिने एक चिठ्ठी वाचली होती. "वत्सला. किडनी. मशीनवर. अत्यवस्थ. घरचे दमलेत." ऐकून सगळ्या बाया हळहळल्या. सिरियलमधलीला सगळे नुसतं माईच म्हणतात, त्यामुळे वत्सला या नावावरून कुणाच्याच काही ध्यानात आलं नाही. एवढी बिकट विनंती असली की आम्ही साखळी धरतो. म्हणजे प्रत्येकीने एक एक तास घ्यायचा, प्रार्थना तुटू द्यायची नाही. सोमवारी सकाळी सहापासून मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत आम्ही ती धरली. मंगळवारी उपासही केला. मंगळवारचा चार ते पाचचा तास माझा होता.

"ती चिठ्ठी तुम्ही टाकली?"

"व्हय."

"अहो, ती सिरियलमधली बाई आहे!"

"ठाऊक हाय मला. किडनी गेलीय, डोकं न्हाई."

"मग देव सिरियलमधल्या बाईला बरं करणार?"

"लिवणाऱ्याच्या मनात तर घालता येतं की त्याला."

चाळीस वर्षं मी चर्चला जाते, पण असलं बोललेलं कधी ऐकलं नव्हतं. समोरची बाई आमच्याकडे बघायला लागली, तेव्हा मी आवाज खाली आणला. "अहो, पण कशासाठी?"

"प्रार्थनेच्या यादीतनं माझं नाव तू काढलंस. मी विचारलं का कशासाठी म्हणून?"

ते खरं होतं. साडेतीन वर्षं दर रविवारी नथानिएलचं नाव वाचलं जायचं, आणि बाहेर आलं की दहा जणी विचारायच्या, "आता कसं आहे? रिपोर्ट काय म्हणतोय? काही उतार?" या रोगात उतार नसतो, बायांनो! मशीन आहे तोवर माणूस आहे. पण त्यांना साक्ष हवी असायची. मी पुढे उभी राहून सांगावं की असं झालं, तसं झालं, प्रभूने ऐकलं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. एका रविवारी मीच प्रिन्सीला म्हटलं, हे नाव आता राहू दे. घरी मी हे सांगितलं नव्हतं. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

"म्हणून म्हटलं तिचं टाकू," नथानिएल म्हणाले. "छत्तीस तास इतक्या बाया मागतायत. ती वाचली तर आपणबी रेटू. न्हाई वाचली तर बास झालं. मनाशी ठरवलं व्हतं. आता ठरल्यासारखं करायचं."

केडगाव आलं. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं. घरी येऊन भात टाकला. आणि जे त्यांना सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही.

ते असं. मंगळवारी चार वाजता मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. पलीकडे नथानिएल खाटेवर झोपलेले. त्या अनोळखी वत्सलेला बरं कर, असं दोन मिनिटं म्हटलं. रोजचेच शब्द होते, म्हणताना जिभेला काही चव लागेना. मग ते शेवटचं वाक्य आठवलं. घरचे दमलेत. मी त्या घरी कधी गेले नव्हते, पण ते घर मला ओळखीचं होतं. मोजून प्यायची पाण्याची बाटली, खाटेखालचा वजनकाटा, सुजलेले पाय, आणि दारात पिशवी घेऊन उभी असलेली बाई. त्या बाईची मला इतकी कीव आली की मी म्हणाले, "प्रभू, तिला आता ने. पुरे झालं. घरच्यांना सोडव." आणि मग तासभर तेच म्हणत राहिले. रडले. सहा महिन्यांत पहिल्यांदा प्रार्थना आतून आली. उठले तेव्हा अंग हलकं झालं होतं. मी चहा केला. आणि त्याच संध्याकाळी आठ वाजता माई गेल्या.

माझ्या सांगण्यावरून देवाने सिरियलमधली बाई मारली, असं मानण्याइतकी मी खुळी नाही. तो भाग त्यांनी आधीच कधीतरी करून ठेवलेला असणार. पण नथानिएलनी त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवलं होतं. आणि मी तिला ने म्हटलं होतं. हे आता कुठल्या तोंडाने सांगू?

शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखी पिशवी भरली. चादर, फाईल, मारीचा पुडा. ते खुर्चीत बसून पेपर वाचत राहिले. मी चिडले, ओरडले, त्यांच्या चपला पायाशी आणून आपटल्या. जॉनला फोन लावला. तो म्हणाला, "पप्पा, असं नका करू ना." मग त्याला मिटिंगला बोलावलं. गाडी गेली. तिची शिट्टी आमच्या घरात ऐकू येते.

बाराला मच्छिंद्रचा फोन आला. तो मशीनवरूनच बोलत होता. मी स्पीकर लावून फोन नथानिएलच्या हातात दिला.

"मामा, तुमची खाट रिकामी हाय. बरं दिसंना आम्हाला."

"टीव्हीवर काय लागलंय?" नथानिएलनी विचारलं.

"बंद ठिवलाय. दुखवटा. गिताबाई म्हणली पाच दिस लावायचा न्हाई. मी त्या चॅनलला फोन बी केला. पोरगी म्हणती, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं हाय. म्हटलं, मोलाचं हाय तर उठवा तिला." मग त्याचा आवाज बदलला. "मामा, खरं बोलू का? त्या बाईला मेकअपवाली व्हती, म्हणून ती हसत मेली. दगडोबाला मी बघून आलोय. सातव्या दिशी त्याला बसून बी दम घेता येत नव्हता. त्याची बायकू दारात हुबी ऱ्हायची आन् आत बघायचीच न्हाई. तुम्हाला तसलं करायचं आसंल तर करा. पर माई गेली म्हणून नका करू. ती तिकडं हिंदीत दुसऱ्या घरात सासू झाली आसंल."

"ठिवतो," नथानिएल म्हणाले.

मग महेंद्रचा फोन मला आला. "काकू, रविवारी बंद असतं. उद्या, शनिवारी दुपारी दीडला एक मशीन मोकळं आहे. मी ठेवतो तुमच्यासाठी. नंतर थेट सोमवार. बुधवार ते सोमवार म्हणजे, काकू... मी काय सांगू तुम्हाला? तुम्हाला माहीतच आहे." मला माहीत होतं. त्यांना आडवं होता येईनासं झालं. रात्र त्यांनी खुर्चीत बसून काढली.

शनिवारी सकाळी पायावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला. दीडच्या मशीनसाठी पावणेएकची गाडी पकडायला हवी होती. मी पिशवी दारात ठेवली. बोलून बोलून आवाज बसला होता. नथानिएल खुर्चीत, पाय स्टुलावर, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते.

दहाला प्रिन्सी आली, पोर कडेवर घेऊन. "आंटी, विचारायचं नसतं, पण ती वत्सला कोण हो? साखळी झाली की घरी भेटून यायचं असतं ना. पेटीत परत काहीच चिठ्ठी नाही. तुम्ही दौंडला जाता, तिथली कुणी आहे का?"

"तिथलीच," मी म्हणाले. "वारली."

"अरे देवा. कधी?"

"मंगळवारी रात्री आठ वाजता. सिरियलमध्ये."

प्रिन्सीला आधी कळेना. मग मी सांगितलं. कुणी चिठ्ठी टाकली तेही सांगितलं, नथानिएलसमोरच. आता लपवून तरी काय करायचं होतं? ती हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली, तिचं पोरही हसायला लागलं. "आंटी, आपण उपास केला हो! आमच्या सासूबाईंनी शुगर असताना उपास केला!" मीही हसले असते, पण जमेना.

मग ती डोळे पुसत म्हणाली, "पण आंटी, मी तर तिच्यासाठी काही मागितलंच नाही. नाव वाचलं होतं मीच, पण माझा तास आला तेव्हा शेवटचं तेवढंच डोक्यात राहिलं. घरचे दमलेत. म्हटलं, बाई प्रभूच्या हातात आहे, घरच्यांना कोण बघतंय? त्यांना ताकद दे, एवढंच म्हणत बसले तासभर." बोलता बोलता तिचं लक्ष नथानिएलच्या पायांकडे गेलं, मग दारातल्या पिशवीकडे, मग माझ्याकडे. तिचं हसू थांबलं. माझ्या दंडावर हात ठेवून ती म्हणाली, "येते हं मी," आणि गेली.

"एकीनं तरी बरोबर मागितलं," नथानिएल म्हणाले.

मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. चार ते पाच. स्वयंपाकघरात, तुमच्यापासून दहा पावलांवर. तिला ने म्हटलं. एकदा नाही, तासभर म्हटलं. मनापासून म्हटलं. ती तुम्ही आहात हे मला माहीत नव्हतं, पण म्हटलं.

बाहेर कुणाचीतरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, किका मारल्याचा आवाज येत होता.

"तासभर?" त्यांनी विचारलं.

"तासभर."

"रडलीस?"

"रडले."

"चार वर्षं मी मागतोय," ते म्हणाले, "ते त्याला आयकू येईना. तू एक तास मागितलंस आन् आठ वाजता काम फत्ते." आणि ते हसले. हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळली.

"हसू नका. मला लाज वाटतेय आणि तुम्ही हसताय."

"मग काय करू? दमलीयस ते मला ठाऊकच व्हतं. चिठ्ठीत मीच लिवलं की ते." श्वासाला थांबत थांबत ते बोलत होते. "पर तू कधी म्हणली न्हाईस. तिथं बाकावर चार तास ताठ बसतीस, ड्युटीवर असल्यावानी. घरी आलं की भात टाकतीस. मला वाटायचं, आतनं वाट बघतीय. चांगली बाई हाय म्हणून तोंडानं म्हणत न्हाई. म्हटलं आपणच सोडवावी."

"दमलेय," मी म्हणाले. "इतकी दमलेय की कधीकधी गाडीत वाटतं, केडगाव येऊच नये, अशीच बसून राहू दे मला. पाणी मोजायचा कंटाळा आलाय. तुमचा नाही आला. मी ने म्हटलं ते एका अनोळखी बाईला. अनोळखी माणसाला ने म्हणायला काय लागतं?"

"फरक काय? रोग तोच."

"फरक हाच की तिच्या घरी मला राहायचं नाही!" मी एकदम ओरडलेच. "तुम्ही गेलात तर सोमवार, बुधवार, शुक्रवार मी काय करू? सांगा ना. सकाळी आठला उठून कुणाची पिशवी भरू? आणि मधले दिवस तर विचारूच नका."

त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. सव्वाअकरा झाले होते. मला रडू येत नव्हतं, नुसती झोप येत होती. तिथेच फरशीवर आडवं व्हावंसं वाटत होतं.

"शर्ट दे," नथानिएल म्हणाले.

"कुठला?"

"अर्ध्या बाह्यांचा. सुया काय कॉलरीतनं टोचणार हायत?"

स्टेशनपर्यंत रिक्षा केली. दौंडला जिना चढताना ते तीनदा थांबले. महेंद्रने वजन केलं, साडेपाच किलो पाणी चढलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि वडीलधाऱ्यांना बोलू नये तसलं बोलला. नथानिएलनी ऐकून घेतलं. शनिवारच्या पाळीची माणसं वेगळी होती, त्यांच्या टीव्हीवर माईच लागली होती, जुना कुठलातरी भाग. माई धडधाकट होत्या आणि कुणालातरी झापत होत्या.

सुया लागल्यावर मी नेहमीच्या बाकाकडे वळले, तर त्यांनी हाक मारली. "ताठ बसू नगं. झोप."

"इथे?"

"हितंच. मशीनला बांधलाय मला, पळून जातोय व्हय?"

दहा मिनिटं टेकावं म्हणून मी पिशवी उशाला घेतली आणि पदर तोंडावर ओढला.

जाग आली तेव्हा वरचे दिवे लागले होते आणि टीव्ही बंद होता. खाटा रिकाम्या होत्या, महेंद्र मशीनं पुसत होता. माझ्या अंगावर आमची पिशवीतली चादर होती. नथानिएल बाकाच्या टोकाशी बसलेले, माझ्या पायाशी उरलेल्या वीतभर जागेत. दंडाला पट्टी, पायात चपला. चेहरा उतरलेला, पण श्वास शांत होता.

मी धडपडत उठून बसले. "किती वाजले?"

"पावणेसात."

"अहो, सहाची गाडी!"

"गेली."

"तुमचं कधी झालं?"

"साडेपाचला."

"मग मला उठवायचं नाही का? असे बसून कशाला राहिलात? पाठ दुखेल तुमची."

"झोपलीवतीस," ते म्हणाले, आणि चादर माझ्या गुडघ्यांवर सारखी केली. "पुढची आठला हाय. अजून थोडी पड."